मॅजिस्टरचा डावा पंख

यशवंतकाका, तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. पहिले दहा दिवस मी रडले. उरलेले चौदा दिवस तुमच्याशी भांडतेय. कमलकाकूंनी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं. "तूच लिही, तुझा त्यांच्यावर जीव होता," म्हणाल्या. जीव होता हे खरंच, आणि म्हणून हे लिहिणं गोड होणार नाही. तसं मी त्यांना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तसंच लिही. गोड लिहिणारे पुष्कळ मिळतील."

अकरा वर्षांपूर्वी स्लाऊच्या हॉलमध्ये मंडळाच्या जेवणाच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे उभे होतात. काय करतेस, विचारलंत. मी म्हटलं, रीडिंग शहरात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते.

"म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतेस."

"हो."

"आणि स्वतःच्या कुठे करतेस?"

मला हसावं की रागवावं कळेना. तुम्ही वरण वाढून घेतलंत आणि म्हणालात, "शनिवारी ये. जागा दाखवतो."

ती जागा म्हणजे हेन्लीच्या पलीकडे, गवताच्या धावपट्टीशेजारची पत्र्याची शेड. आत एका विमानाचा लाकडी सांगाडा होता. ना इंजिन, ना चाकं. एखाद्या मोठ्या माशाचं मांस काढून घेतल्यावर उरतं तसं काहीतरी. हीथ्रोवर तीस वर्षं जम्बो विमानांची इंजिनं उघडणारे तुम्ही, रिटायर झाल्यावर या काडीपेटीच्या मागे लागला होतात. "मॅजिस्टर," तुम्ही म्हणालात, "तुझी गाववाली आहे. वुडलीत जन्मली."

मी वुडलीला राहते. जिथून ही विमानं उडायची तिथे आता घरं आहेत, आणि ज्या सुपरमार्केटमधून मी दूध आणते त्याच्या आसपास कुठेतरी तो कारखाना होता, हे मला तुमच्याकडून कळलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे हौशी लोकांसाठी छोटी, स्वस्त, दोन सीटची विमानं बनत. डॉक्टरांनी, दुकानदारांनी रविवारी उडवावीत अशी. मग हवाई दलाला नवशिक्या पायलटांसाठी विमान हवं झालं, आणि त्यांनी हेच उचललं. पॅराशूट घालून बसता यावं म्हणून कॉकपिट मोठं केलं, इथे तिथे मजबुती दिली, पिवळा रंग फासला. "साध्या घरच्या पोरीला गणवेश चढवला," तुम्ही म्हणायचात. "आणि पुढच्या लढाईतल्या कितीतरी पायलटांनी आपल्या पहिल्या चुका हिच्यात बसून केल्या. चुका सहन करणं हेच हिचं काम."

माझ्या शाळेत मुलींना शिवण होतं आणि मुलांना सुतारकाम. सदतिसाव्या वर्षी तुम्ही माझ्या हातात रंधा दिलात. पहिलं वर्ष मी फक्त सांधे केले. स्प्रूस लाकडाच्या दोन पट्ट्या तिरक्या कापायच्या, ग्लू लावायचा, क्लॅम्पमध्ये घट्ट आवळायचं, आठवडाभर थांबायचं. पुढच्या शनिवारी तुम्ही ती जोडलेली पट्टी गुडघ्यावर घेऊन मोडायचात. सांध्याशेजारचं लाकूड फाटलं तर सांधा पास. सांधा नुसता सुटला, ग्लू काचेसारखा चकचकीत दिसला, तर नापास. एक शब्द न बोलता तुम्ही तुकडे माझ्यासमोर ठेवायचात. मी एकोणतीस वेळा नापास झाले. त्या वर्षी माझं लग्न मोडत होतं, काका. घरी कुणीच कुणाला खरं बोलत नव्हतं. ते तुकडे बघून मला विलक्षण बरं वाटायचं. निदान इथे काय तुटलंय आणि का, हे समोर दिसत होतं.

आणि तुमच्या वडिलांची गोष्ट. ती मी इथे लिहिणारच. फ्लास्कमधला आल्याचा चहा ओतता ओतता एकदा तुम्ही सांगितलीत. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. आपल्या वस्तीतून तिथे लागलेले पहिले. हेडमिस्त्री बाकीच्या पोरांना शिव्या घालायचा, कानाखाली द्यायचा, काम पुन्हा करायला लावायचा. तुमच्या वडिलांना मात्र कधी काही बोलला नाही. त्यांनी केलेला भाग चुकला की गुपचूप उचलायचा आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचा. सतरा वर्षं. "बाबांना वाटायचं, आपलं काम चांगलं आहे म्हणून बोलत नाही," तुम्ही म्हणालात. "रिटायर होताना कुणीतरी सांगितलं. मृणाल, शिवी चालते. मारही चालतो. पण माणसाला न सांगता त्याचं काम त्याच्या हातातून काढून घेणं, यासारखी अस्पृश्यता नाही."

तुमचा आवाज तेव्हा हलला होता. तुम्ही मला हे सांगितलंत याचा मला मान वाटला होता.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला डावा पंख दिलात. उजवा तुमचा, डावा माझा. तीन हिवाळे मी त्याच्यावर होते. फासळ्या, त्यांच्या मधल्या पट्ट्या, स्पारचे, म्हणजे पंखाच्या लांब मुख्य दांड्यांचे सांधे, सगळं माझ्या हातचं. शेवटी वरून प्लायवूडचा पत्रा चिकटवून पंख बंद करायचा होता. तो बंद झाला की आतलं पुन्हा कुणाला दिसणार नव्हतं. म्हणून आदल्या शनिवारी मी आतल्या एका फासळीवर पेन्सिलीनं आईचं नाव लिहिलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "वजन वाढलं की गं."

पंख बंद केला तो जानेवारीतला शनिवार. तुम्ही तापानं घरी होतात. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुण्याला आईला पॅरालिसिसचा झटका आला. मी गेले ती पाच महिने अडकले. जूनमध्ये आई गेली. त्या पाच महिन्यांत तुम्ही दर शनिवारी मला शेडमधून फोटो पाठवायचात. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून मी ते उघडायचे. इंजिन बसवलं. चाकं आली. कॉकपिटमध्ये बसून शेडवरचा कीथ अंगठा दाखवतोय. त्या फोटोंनी मला धरून ठेवलं, हे मी कधीच नाकारणार नाही. सगळे फोटो उजव्या बाजूनं काढलेले होते, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

जुलै अखेरीस परत आले तर विमान पूर्ण उभं होतं. दोन्ही पंखांवर कापड, वर पिवळा रंग. मी डाव्या पंखाला हात लावून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "पंख चढला."

पंख चढला. तुझा पंख, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. हे मी आता शंभरदा आठवून बघितलंय. तेवढीच फट तुम्ही स्वतःसाठी ठेवली होतीत का?

पण पुढच्या मे महिन्यात, पहिल्या उड्डाणाच्या दिवशी, ती फटही तुम्ही बुजवलीत. पन्नासेक लोक जमले होते. मला हाताला धरून पुढे आणलंत आणि इंग्लिशमध्ये, मोठ्यानं सांगितलंत की डावा पंख हिनं बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीथ बुटांकडे बघत होता. मला वाटलं, लाजतोय बिचारा.

त्याच उन्हाळ्यात मी मागच्या सीटवर बसून उडाले. उघड्या कॉकपिटमध्ये वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी सबंध वेळ डावीकडे बघत होते. या पंखात आईचं नाव आहे. आपण दोघी उडतोय. खाली थेम्सचं वळण होतं, तिकडे मी बघितलंसुद्धा नाही. उतरल्यावर हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. रडत सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि "बरं झालं" म्हणालात.

तो हात मला अजून जाणवतो. त्याच जागी आता जळतं.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी काकूंनी तुमची हत्यारं आणायला मला शेडवर पाठवलं. तुमची पेटी कीथनं आधीच काढून ठेवली होती. कीथला तुम्ही ओळखताच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते: शेडवरच्या आमच्या ग्रुपचा इंजिनीयर, विमानाच्या कागदांवर सही करणारा माणूस. मी म्हटलं, त्यांचे लांब क्लॅम्प वर माळ्यावर असतील. कीथ "थांब, मी काढतो" म्हणेपर्यंत मी शिडी चढले होते.

ताडपत्रीखाली पंख होता. न रंगवलेला, कापड नसलेला, नुसता प्लायवूडचा. टोकाजवळच्या कडेला बाहेरून माझी पेन्सिलीची खूण होती, मी करते तशी, बाणाच्या मागे दोन रेघा.

मी वरूनच विचारलं, "कीथ, हे काय आहे?"

त्यानं खालून शिडी धरली. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, यशनं तुला कधीच सांगितलं असेल." आणि लगेच, कारण तो खोटं बोलू शकत नाही, "नाही. मला माहीत होतं त्यानं सांगितलेलं नाही."

मी पुण्यात असताना तुम्ही नाण्यानं पंख ठोकून बघितला होतात. मधल्या चार फासळ्यांवर आवाज बद्द आला. तपासणीच्या झडपेतून आरसा घालून बघितलंत, तर सांध्याच्या कडेनं ग्लूची जी बारीक धार बाहेर यायला हवी ती आलेलीच नव्हती. पंख बाद झाला. तुमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्या मॅजिस्टरचा दुरुस्त केलेला पंख होता, तो तुम्ही आणवलात. ग्रुपमधल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलंत की मृणालला मी सांगेन, तुम्ही कुणी बोलू नका.

सात वर्षं, काका! नऊ माणसांनी तुमचा शब्द पाळला. दर शनिवारी त्यांनी माझ्याबरोबर चहा प्यायला. नवीन कुणी शेडवर आलं की मी त्याला त्या पंखाशी नेऊन दाखवायची, आणि ते सगळे तेव्हा कुठेतरी दुसरीकडे कामाला लागायचे.

मी गाडी सरळ लँग्लीला तुमच्या घरी आणली. काकूंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "कळलं का तुला?"

"तुम्हालाही माहीत होतं?"

"ये आत, बस." त्यांनी मला पाणी दिलं. "अगं, तुझी आई गेली होती. हे म्हणाले, एवढ्यात नको, तिला जरा सावरू दे. मग तू सावरलीस तेव्हा विमान उडलं होतं आणि तू इतकी खूश. परत म्हणाले, एवढ्यात नको. मी दरवर्षी म्हणायचे, सांगा हो पोरीला. यांचं एवढ्यात काही संपलंच नाही."

"काकू, त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं."

"हे त्यांना बोललीस कधी?"

"मला माहीतच नव्हतं तर कशी बोलणार?"

त्या पदर बोटाला गुंडाळायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी बोलले होते एकदा. चार दिवस जेवले नाहीत नीट. पण सांगितलं नाहीच."

म्हणजे तुम्हाला कळत होतं. तुम्ही हेडमिस्त्री झालात हे तुम्हाला कळत होतं, आणि तरी. काका, विसरणाऱ्याला मी माफ करून टाकलं असतं.

अजून एक राहिलंय. घरी येऊन मी माझ्या मुलीला, ईराला फोन केला, शेफील्डला. दोन वर्षांपूर्वी, अठरावा वाढदिवस म्हणून, तुम्ही तिलाही मॅजिस्टरमधून फिरवून आणायला लावलं होतंत. मी तिला सांगायला लागले तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"आई, मला माहीत होता," ती म्हणाली.

"काय?"

"काकांनी सांगितला होता मला. विमानात बसायच्या आधी. तो म्हणाला, जो आत बसतो त्याला खरं माहीत पाहिजे, इट्स द रूल. आणि तो म्हणाला, तुझ्या आईला मी स्वतः सांगणार आहे. सो आय वेटेड." मग रडवेल्या आवाजात, "आय थॉट ही डिड, आई. नंतर तू कधी विषय काढला नाही, तर मला वाटला, यू डिडन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट."

जो आत बसतो त्याला खरं माहीत पाहिजे. मीही आत बसले होते, काका.

पुढच्या शनिवारी मी आणि कीथनं तो पंख माळ्यावरून खाली घेतला. मला तो उघडायचा होता. खरं सांगायचं तर मला तुम्ही चुकलेले हवे होतात. सांधा धड निघावा, लाकूड फाटावं, पंख चांगला होता आणि म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं, असं सिद्ध व्हावं. कीथनं पातळ पटाशी कडेला घातली आणि जरा उचकली. पहिल्या दोन फासळ्यांवर लाकूड कर्रकन फाटलं. पण मधल्या चार फासळ्यांवर पत्रा कागदासारखा वर आला. काही आवाज नाही. खाली ग्लू काचेसारखा चकचकीत. आणि त्या चकचकीत ग्लूच्या खाली, फासळीच्या अंगावर, आईचं नाव.

तुमचं बरोबर होतं. उडताना त्या पंखाची कातडी सोलून निघाली असती. मागच्या सीटवर मी असते, किंवा ईरा.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते. ऐकायला तुम्ही नाही, तेव्हा सोपं जातंय. त्या शनिवारी मी फासळ्यांवर ग्लू लावून झाला आणि पुण्याहून भावाचा फोन आला, आई बाथरूममध्ये पडली म्हणून. मी बाहेर जाऊन बोलले. वीस मिनिटं तरी. परत आले तेव्हा पत्रा ठेवण्याआधी मधल्या फासळीवर मी बोट टेकवलं. तुम्ही शिकवलं होतंत तसं. बोटाला काही लागलं नाही. ग्लूवर साय धरली होती. मला कळलं. खरवडून पुन्हा सुरू करायचं तर अख्खा दिवस गेला असता, आणि मला घरी जाऊन आईशी बोलायचं होतं. पुढे मोडून तपासायचा नमुन्याचा वेगळा सांधा मी सुरुवातीलाच, ताज्या ग्लूनं केला होता, तो पास होणारच होता. मी पत्रा ठेवला आणि कीथला म्हटलं, दाब. तो त्याच वेळी हातमोजे बदलून आला होता, त्याला कळायचं कारण नव्हतं.

त्यानंतर आईचं आजारपण आलं आणि मी ते बोट विसरले. विसरले असं मी म्हणते.

यानं तुमचा अपराध कमी होत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत नाहीत. तुम्ही मला विचारलं असतंत, "मृणाल, त्या दिवशी काय झालं?" तर मी सांगितलं असतं. नक्की सांगितलं असतं, कारण तुमच्यासमोर मला खोटं बोलता यायचं नाही. मग मी पंख पुन्हा बांधला असता. अजून तीन हिवाळे लागले असते तर लागले असते. तुम्ही मला विमानातून खाली पडू दिलं नाहीत, त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. पण मला पुन्हा उभंही राहू दिलं नाहीत.

गेल्या रविवारी स्लाऊला तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली. माणसं बोलली. तुमच्या युनियनमधले, विहारातले, हीथ्रोवरचे. मग सूत्रसंचालकानं माझं नाव घेतलं, "काकांच्या विमानाचा डावा पंख जिनं स्वतःच्या हातांनी बांधला." शेडवरची माणसं शेवटच्या रांगेत बसली होती. त्यांना मराठी येत नाही, पण माझं नाव आणि पंखाकडे केलेला हाताचा इशारा कळला असावा. नऊ माना खाली गेल्या.

मी उठले आणि आधी इंग्लिशमध्ये बोलले, त्यांना कळावं म्हणून.

"तो पंख मी बांधलेला नाही. मी बांधलेला पंख सदोष होता, आणि तो सदोष आहे हे मला बांधतानाच माहीत होतं. यशवंतकाकांनी तो काढला आणि लोकांचे जीव वाचवले. मला सांगितलं मात्र नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं म्हणून सांगितलं नाही, असं सगळे म्हणतील. असेलही. मला ते प्रेम आज पेलत नाही."

मग तेच मराठीत सांगितलं. मराठीत जास्त अवघड गेलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "मेल्यानंतर असं बोलू नये." काकू त्यांच्याकडे वळल्या. "बोलू दे तिला. जिवंतपणी बोलायचं यांनीच बाकी ठेवलं."

काल शनिवार होता. मी शेडवर जाईन की नाही हे मलाच माहीत नव्हतं. गेले. कुणी काही विचारलं नाही, चहा पुढे केला. ग्रुपकडे दुसऱ्या एका मॅजिस्टरची शेपूट आली आहे, नुसत्या मोडक्या फासळ्या. कीथ म्हणाला, करणार का? मी म्हटलं, करीन, पण एका अटीवर. आतापासून माझं प्रत्येक काम तू माझ्यासमोर तपासायचं. माझ्या घरी कुणी आजारी असो, कुणी मेलेलं असो.

गेल्या आठवड्यात पंख उघडून झाल्यावर सवयीनं दोन पट्ट्या जोडून क्लॅम्पमध्ये ठेवल्या होत्या, त्या मी त्याला दिल्या. त्यानं ती पट्टी गुडघ्यावर घेतली आणि मोडली. दोन्ही तुकडे खिडकीशी धरून बघितले. अर्ध्या भागात लाकूड फाटलं होतं, अर्ध्यात सांधा नुसता सुटला होता. कीथ स्वभावानं मऊ आहे, काका. त्याचे कान लाल झाले. पण माझ्याकडे बघून त्यानं सांगितलं, "हे चालणार नाही, मृणाल. क्लॅम्प एका बाजूला सैल होता."

मी म्हटलं, "थँक यू, कीथ," आणि नवीन पट्टी कापायला घेतली.